मुलकी दाखला आणि मराठवाडा

हैदराबाद संस्थानात १९१९ च्या मुलकी नियमांनुसार सरकारी नोकरी मुलकींसाठी राखीव होती. बाहेरून आलेल्यास मुलकी ठरण्यासाठी किमान १५ वर्षांचे कायम वास्तव्य आवश्यक असे. शिवाय मूळ ठिकाणी परतण्याचा इरादा सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घ्यावे लागे. वर्षे मोजता येतात. इरादा कसा मोजावा?

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हा सरहद्दीचा जिल्हा. गोदावरीपलीकडील ब्रिटिश अहमदनगरचा मराठी भाषिकही येथे गैरमुलकीच ठरे. भाषा एक, मुलूख मात्र परका. तथापि, शिक्षणात मागे राहिलेल्या स्थानिकांना हीच अट आधार वाटे, हे विसरता येत नाही.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५७ च्या केंद्रीय कायद्याने वास्तव्याच्या अटीची मुभा तेलंगणासाठी ठेवली. मराठवाड्यास ती मिळाली नाही.