आजीच्या 'शोले'त जय मरत नाही

आमच्या आजीनं सांगितलेल्या 'शोले'त जय मरत नाही. त्याला गोळी लागते, पुष्कळ रक्त जातं, वीरू त्याला घोड्यावर घालून ठाकूरच्या वाड्यावर आणतो, वैद्य येतो, पाला वाटून लावतो आणि आठ दिवसांनी जय उठून बसतो. मग एकाच मांडवात दोन लग्नं. वीरू-बसंतीचं आणि जय-राधाचं. तेरखेड्याच्या घरी उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो, तेव्हा ही गोष्ट मी वीसेक वेळा तरी ऐकली असेन.

(तेरखेडा म्हटलं की लोक लगेच फटाक्यांचं विचारतात. हो, तेच फटाक्यांचं तेरखेडा. पण आजचा विषय तो नाही.)

आजीनं हा सिनेमा येरमाळ्याला, येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत, तंबूत पाहिला होता. मी तो पाहिला आठवीत, गणपतीत आणलेल्या व्हिडिओवर. पूल उडाला, जय वीरूच्या मांडीवर पडला, आणि मी निवांत बसून वैद्याची वाट बघत होतो! वैद्य काही आला नाही. चिता पेटली, राधानं खिडकी लावून घेतली. मी तरातरा घरी येऊन आजीला जाब विचारला. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यायनी चुकीचं दाखविलं बाबा."

तेव्हा मला वाटलं आजी फेकतेय. पुष्कळ वर्षांनी कळलं, की आजीनं जे केलं ते खुद्द 'शोले'वाले करायला निघाले होते.

१५ ऑगस्ट १९७५, शुक्रवार. सिनेमा लागला आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत व्यापारी मंडळींनी तो पडल्याचं जाहीर करून टाकलं. थेटरात लोक गप्प बसून राहत होते, टाळ्या-शिट्ट्या नाहीत. मग अमिताभच्या घरी बैठक झाली. 'जंजीर' आणि 'दीवार'नंतर तो मोठा स्टार झाला होता, एवढ्या मोठ्या स्टारला मारलेलं लोकांना रुचलं नसेल, तर शेवट नव्यानं चित्रित करून जयला जिवंत ठेवू, असा बेत ठरत आला. (गंमत म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत 'दीवार'मध्येही तो मेलाच होता आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला हे कुठलं आठवायला!) रमेश सिप्पी म्हणाले, सोमवारपर्यंत थांबू. थांबले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लोक गप्प होते ते नाराज म्हणून नव्हे, भारावले होते म्हणून. मुंबईच्या मिनर्व्हात सिनेमा पाच वर्षं चालला.

आता विरोधाभास बघा. प्रेक्षकांच्या भीतीनं जो शेवट बदलला नाही, त्याच सिनेमाचा दुसरा शेवट सरकारच्या भीतीनं आधीच बदलला होता. मुळात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. पण आणीबाणी लागलेली. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला चालेना. संजीवकुमार तेव्हा रशियात होता, त्याला बोलावून घेऊन पोलीस ऐनवेळी येतात तो प्रसंग घाईनं घेतला. मूळ शेवट असलेली दुरुस्त केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. पन्नास वर्षांनी गब्बर मेला एकदाचा. जय त्यातही मरतोच.

हे सगळं डोक्यात यायला कारण झाला माझा भाचा. २०१२ मध्ये तो पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि 'मास इफेक्ट' नावाचा गेम खेळायचा. २००७ पासून तीन भाग. खेळणाऱ्यानं घेतलेले निर्णय पुढच्या भागात चालत येणार, कुणाला वाचवलं, कुणाला सोडलं, सगळ्याचा हिशेब होणार असं कंपनीचं आश्वासन. मार्च २०१२ मध्ये तिसरा भाग आला आणि शेवटी काय, तर तीन रंगांतून एक निवडा. लाल, हिरवा, निळा. पुढे दिसतं ते जवळपास सारखंच. भाचा दोन दिवस धड जेवला नाही. ताईनं मला फोन केला, म्हणाली प्रेमभंग झालाय वाटतं.

जगभरातल्या खेळणाऱ्यांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. त्यांनी आजारी मुलांच्या एका संस्थेसाठी ऐंशी हजार डॉलरच्या वर देणगी जमवली, का, तर आम्ही नुसते शिव्या देणारे नाही हे दिसावं म्हणून. शिवाय कॅनडातल्या बायोवेअर कंपनीला चारशे दोन कपकेक पाठवले. लाल, हिरवे, निळे. चव तिन्हींची एकच! कंपनीनं ते एका युवक निवाऱ्याला देऊन टाकले. मग संस्थापक रे मुझिका यांनी जाहीर पत्र लिहिलं आणि जूनमध्ये वाढीव शेवट फुकट दिला. त्यात मूळ शेवट बदलला नाही, फक्त पुढे कुणाचं काय झालं ते सविस्तर दाखवलं. आणि एक चौथा पर्याय घातला. तिन्ही रंग नाकारायचे. नाकारले की सगळे मरतात. मला हे अगदी एखाद्या खवट मास्तरसारखं वाटलं. नको ना? बरं, मग भोगा.

यापेक्षा इब्सेनचं बघा. 'डॉल्स हाउस'मध्ये नोरा नवरा-मुलं सोडून घराबाहेर पडते. १८८० मध्ये जर्मनीतली नटी म्हणाली, मी असली आई करणार नाही. दुसऱ्या कुणी हवं ते ठिगळ लावण्यापेक्षा इब्सेननं स्वतःच पर्यायी शेवट लिहून दिला. नोरा झोपलेल्या मुलांकडे बघते आणि दारातच कोसळते. लिहून दिला, आणि जन्मभर त्याला नावं ठेवली.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मध्ये १८९० पासून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः छापली. त्यातल्या यमूचा नवरा जातो, तिचं केशवपन होतं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे यमूचं दुसरं लग्न लावून देणं हरिभाऊंना सहज जमलं असतं, लेखणी त्यांच्याच हातात होती. त्यांनी लावलं नाही. मला वाटतं लावलं असतं तर वाचणाऱ्या घरांतले पुरुष सुटकेचा निःश्वास टाकून पान घ्यायला गेले असते.

या न्यायानं आजी चुकली असं म्हणावं लागेल. जय मरतो म्हणूनच राधाची ती खिडकी मनातून जात नाही. हे मी एकदा ताईला फार हुशारीनं समजावून सांगत होतो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अरे, आजी किती वर्षांची होती तेव्हा, माहीत आहे ना?"

माहीत होतं. आजोबा गेले तेव्हा आजी बावीस वर्षांची होती, कडेवर बाबा आणि पोटात आत्या. 'शोले'त ठाकूर राधाच्या वडिलांकडे जाऊन तिच्या दुसऱ्या लग्नाचं बोलतो, तो प्रसंग दोन-तीन मिनिटांचा असेल. आजीच्या गोष्टीत तो खूप मोठा होता. ठाकूर काय म्हणाला, बाप काय म्हणाला, चहा कुणी आणला, राधा दाराआड कशी उभी होती, सगळं. आम्हा पोरांना तो भाग कंटाळवाणा वाटायचा. आम्ही म्हणायचो, आजी, मारामारीचं सांग.

आत्या, तू त्या तंबूत आजीबरोबर होतीस. जय मेला तेव्हा ती काय म्हणाली होती, आठवत असेल तर फोन कर.