हस्तचलित आपत्कालीन रेडिओ

हस्तचलित आपत्कालीन रेडिओ हा हँडल फिरवून निर्माण केलेल्या विजेवर चालू शकणारा लहान रेडिओ-संच होय. पूर, वादळ, भूकंप अशा प्रसंगी वीजपुरवठा आणि मोबाइल सेवा दोन्ही बंद पडल्यास घरातील माणसांपर्यंत अधिकृत सूचना पोहोचत राहाव्यात, हा त्याचा मुख्य उद्देश असतो. बहुतेक संचांत हँडलशिवाय पुनर्भारित होणारी बॅटरी, लहान सौर पट्टी, टॉर्च आणि मोबाइल चार्ज करण्याची सोयही असते. या लेखात अशा संचाची रचना आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात त्याच्या निवडीचे निकष दिले आहेत.

इतिहास

मानवी श्रमाने वीज निर्माण करून बिनतारी संच चालवण्याची कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील दुर्गम वस्त्यांसाठी आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस पायडल मारून चालणारा बिनतारी संच तयार केला. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात उतरावे लागलेल्या वैमानिकांजवळ हँडल फिरवून चालणारे संकटसंदेश-प्रक्षेपक असत.

घरगुती वापराच्या रेडिओला ही जोड इंग्लिश संशोधक ट्रेव्हर बेलिस (१९३७–२०१८) यांच्यामुळे मिळाली. आफ्रिकेतील एड्सच्या प्रसाराविषयीचा दूरचित्रवाणी कार्यक्रम त्यांनी १९९१ मध्ये पाहिला. वीज नसलेल्या आणि सेल परवडत नसलेल्या खेड्यांत आरोग्यविषयक माहिती कशी पोहोचवावी, या प्रश्नावर त्यांनी घड्याळासारखी किल्ली देऊन चालणारा रेडिओ सुचवला. त्यांचा पहिला चालता नमुना एकदा किल्ली दिल्यावर सुमारे १४ मिनिटे चालत असे. पुढे दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे या रेडिओचे उत्पादन सुरू झाले. नंतरच्या संचांत स्प्रिंगऐवजी पुनर्भारित बॅटरी आली आणि आजचा प्रचलित प्रकार रूढ झाला.

रचना व कार्य

हँडल फिरवल्यावर दातेरी चाकांद्वारे लहान जनित्र वेगाने फिरते. त्यातून मिळणारा प्रवाह एकदिश करून आतील बॅटरीत साठवला जातो आणि रेडिओ त्या बॅटरीवर चालतो.

या संचांविषयीच्या अपेक्षा बहुधा वास्तवापेक्षा मोठ्या असतात. लहान संचाच्या हँडलमधून साधारण २ वॅट शक्ती मिळते असे धरल्यास एका मिनिटात १२० ज्यूल ऊर्जा तयार होते. बेताच्या आवाजात ०.२५ वॅट वापरणारा रेडिओ तेवढ्यावर ८ मिनिटे चालू शकेल. प्रत्यक्षात निम्मी ऊर्जा वाया गेली असे मानले, तरी एक मिनिट हँडल फिरवून सुमारे ४ मिनिटे बातम्या ऐकता येतात. रेडिओसाठी हे प्रमाण उपयोगाचे आहे.

मोबाइलच्या बाबतीत हाच हिशेब निराशाजनक ठरतो. ४,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या मोबाइल बॅटरीत सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. ती २ वॅटने भरायची झाल्यास, काहीही वाया न जाता, जवळजवळ ८ तास अखंड हँडल फिरवावे लागेल. दहा मिनिटांच्या श्रमातून फार तर २ टक्के चार्जिंग होईल. सौर पट्टीची स्थितीही फारशी वेगळी नाही. तळहातापेक्षा लहान पट्टी कडक उन्हात अर्धा वॅट देते, तर पावसाळी ढगांत त्याचा लहानसा अंशच मिळतो.

याउलट, आतील २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आधीच विजेवर पूर्ण भरून ठेवली असेल, तर तोच रेडिओ एक दिवसाहून अधिक काळ अखंड चालू शकतो. म्हणून हँडल हा शेवटचा आधार समजावा. नित्याचा ऊर्जास्रोत भरलेली बॅटरीच असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याची ओळख अवर्षणप्रवण अशी असली, तरी पुराचा धोका नदीकाठच्या तालुक्यांना आहे आणि तो पुष्कळदा दुसरीकडे पडलेल्या पावसामुळे उद्भवतो. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर अतिवृष्टी झाली, की भंडारदरा व निळवंडे धरणांतून प्रवरेत पाणी सोडले जाते. ते अकोले आणि संगमनेरवरून खाली नेवासे तालुक्यापर्यंत जाते. नाशिक जिल्ह्यातील धरणांचे पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून गोदावरीने कोपरगावकडे येते. मुळा धरणाचा विसर्ग राहुरी व नेवासे तालुक्यांना, तर भीमेचा पूर दक्षिणेकडील श्रीगोंदे व कर्जत तालुक्यांना भिडतो. त्यामुळे गावावर ऊन असतानाही नदीला पूर येऊ शकतो आणि विसर्गाचे क्युसेकमधील आकडे वेळेवर कळणे महत्त्वाचे ठरते.

मोबाइलवरील पूर्वसूचनेच्या यंत्रणा आता विस्तारल्या आहेत. ध्वनिसंदेशाद्वारे एकाच वेळी सर्व ग्रामस्थांना सावध करणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा जिल्ह्यातील अनेक गावांत आहे. शासनाच्या ‘सचेत’ प्रणालीवरूनही इशारे दिले जातात. मात्र या सर्वांचा आधार मनोरे आणि त्यांना मिळणारी वीज हाच आहे. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. अशा काळात दूरच्या प्रक्षेपकावरून येणारा रेडिओचा आवाज गावातील वीज गेल्याने थांबत नाही.

निवडीचे निकष

ऐकू येणारी केंद्रे: संचाची निवड त्याच्या सोयींच्या यादीवरून न करता घरात कोणते केंद्र स्पष्ट ऐकू येते, यावरून करणे योग्य ठरते. आकाशवाणीचे नगर केंद्र एफएमवर १००.१ मेगाहर्ट्झवर, तर स्नेहालय संस्थेचे ‘रेडिओ नगर’ हे सामुदायिक केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर आहे. एफएम लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगराआड त्या क्षीण होतात. अकोल्याच्या डोंगराळ भागात किंवा जिल्ह्याच्या सीमेवर आकाशवाणीच्या नाशिक (१०१.४ मेगाहर्ट्झ) अथवा पुणे (१०१ मेगाहर्ट्झ) केंद्राची चाचणी घेणे उपयुक्त असते.

मध्यम लहरी: या लहरी जमिनीलगत दूरवर जातात. पुणे केंद्राचे मध्यम लहरींवरील प्रसारण ७९२ किलोहर्ट्झवर होते. त्यामुळे एफएमबरोबर मध्यम लहरींची सोय असलेला संच अधिक भरवशाचा ठरतो. आकाशवाणीने अलीकडच्या काळात काही जुने मध्यम लहरी प्रक्षेपक बंद केले असल्याने खरेदीपूर्वी अशा संचावर केंद्र प्रत्यक्ष लावून पाहणे इष्ट आहे.

ट्यूनिंगचा टप्पा: बाजारातील अनेक संच अमेरिकेतील वापरासाठी बनवलेले असतात. तेथे मध्यम लहरींची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, भारतात ९ किलोहर्ट्झच्या. केवळ १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकणारा अंकीय संच ७९० किंवा ८०० वर थांबतो. ७९२ वर अचूक लागत नाही. अमेरिकी एफएम टप्प्यांतही ९०.३ नंतर थेट ९०.५ येते आणि ९०.४ मधल्या मध्ये सुटते. टप्पा बदलता येणारा संच किंवा काट्याचा साधा रेडिओ घेतल्यास ही अडचण येत नाही.

हवामान पट्टा: काही संचांवर ‘डब्ल्यूबी’ अशी खूण असलेला स्वतंत्र हवामान पट्टा असतो. तो १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या अमेरिकी हवामान प्रसारणासाठी आहे. भारतात तसे प्रसारण नसल्याने या सोयीसाठी जादा किंमत मोजण्यात अर्थ नाही.

सेलची सोय: साध्या पेन्सिल सेलवरही चालणारा संच श्रेयस्कर असतो. असे सेल गावातील किराणा दुकानात मिळतात आणि आतील बॅटरी निकामी झाली तरी रेडिओ वापरता येतो.

बांधणी: हँडल हा सर्वाधिक ताण सोसणारा भाग असल्याने त्याची बिजागरी भक्कम हवी. संच हातात घेऊन दोन-तीन मिनिटे हँडल फिरवून पाहावे. घरातील ज्येष्ठ व्यक्तीलाही ते फिरवता येते का, हे तपासावे. ‘आयपीएक्स ४’ या दर्जाचा संच पाण्याचे शिंतोडे सोसतो, पण पाण्यात बुडाल्यास तो टिकेल अशी हमी हा दर्जा देत नाही.

मर्यादा

रेडिओ एकतर्फी साधन आहे. त्यावरून मदत मागता येत नाही. त्यासाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. सामुदायिक केंद्राचा आवाका नगर शहर व लगतच्या परिसरापुरता असतो. आकाशवाणीच्या बातम्या ठरावीक वेळी असल्यामुळे अचानक वाढलेल्या विसर्गाची वार्ता आधी तलाठी, पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून कळण्याचा संभव अधिक असतो. नदीकाठच्या घरात रेडिओ असणे हा स्थलांतराच्या सूचनेची वाट पाहत थांबण्याचा आधार होऊ शकत नाही.

देखभाल

लिथियम बॅटरी रिकाम्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिल्यास निकामी होते. दर दोन-तीन महिन्यांनी संच चार्ज करून काही वेळ ऐकावा आणि मृगाच्या आधी बॅटरी पूर्ण भरून ठेवावी. संच पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात ठेवू नये. पेन्सिल सेल आत घालून न ठेवता संचाजवळ वेगळे ठेवावेत, अन्यथा ते पाझरून आतील पत्त्या गंजतात. परिसरात ऐकू येणाऱ्या केंद्रांच्या वारंवारता व बातम्यांच्या वेळा कागदावर लिहून संचाला चिकटवल्यास अंधारात शोधाशोध करावी लागत नाही.