‘काट्याच्या अणीवर’ या कूटाचे अर्थ

ज्ञानदेवांच्या (ज्ञानेश्वरी : शके १२१२, इ. स. १२९०) नावावर परंपरेने चालत आलेले हे कूट, म्हणजे वरवर असंबद्ध बोलून आतला अर्थ झाकणारी रचना, नांदेड-लातूरकडे सप्ताहाच्या कीर्तनात निरूपणाला घेतले की न वसणारे गाव, न भाजणारे मडके आणि न शिजणारा मूग ऐकून पोरेटोरे हसतात, कीर्तनकार मात्र त्यातल्या गावे, मडकी, मूग यांच्या ‘तीन’ या संख्येमध्ये कधी सत्त्व, रज, तम हे त्रिगुण पाहतात, तर कधी जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) या अवस्था. त्रिगुण गावांना चपखल बसतात, पण मुगाच्या दाण्यापर्यंत पोचताना बरीच ओढाताण होते (आणि जाणत्या श्रोत्यांना ती कळतेही). शेवटी कवीनेच हा अनुभव सद्गुरूवाचून कळत नाही असे सांगितल्याने यांपैकी कोणताही अर्थ अंतिम मानता येत नाही.