डाख कीं आज्ञा?

पाटाच्या पाण्यावर शेती करणारास पाटकऱ्याचें महत्त्व सांगावयास नको. मोजपट्टीवर पाणी कमी दिसलें कीं तो दार अधिक उघडतो. आणि पट्टीच कोणीं चुकीची बसविली, तर पाणी जास्त जात असूनहि त्यास तें कमीच भासतें. संगणकांतील ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढविण्याच्या इतिहासांत अशीच एक युक्ति आहे.

१९९९ सालीं एन्व्हिडिया कंपनीचें जीफोर्स २५६ बाजारांत आलें. पुढील कांहीं वर्षांत हौशी मंडळींनीं ताडलें कीं, कारखान्यानें नेमून दिलेल्या वेगापेक्षां चिप अधिक धावूं शकते. मात्र त्यासाठीं तिला व्होल्टेज जास्त लागतें. कार्डावरील नियामक हा चिपेस पोंचणारें व्होल्टेज सतत मोजीत असतो. त्याच्या मोजणीच्या टोंकास डाख देऊन एक रोधक जोडला, कीं त्यास मोजमाप कमी भासतें व तो आपण होऊन व्होल्टेज वाढवितो. कोणी तर डाखाऐवजीं मुळच्या रोधकावर शिसपेन्सिलीची रेघ ओढीत. ती रबरानें पुसतां येई. डाख चुकला तर कार्डच जाई.

दुसरा मार्ग लेखणीचा. वेग किती, व्होल्टेज किती, या आज्ञा कार्डावरील एका लहान चिपेंत लिहिलेल्या असतात. तिलाच बायॉस म्हणतात. डिसेंबर २०१० मध्यें एएमडीचें रेडिऑन एचडी ६९५० आलें. त्यांतील १५३६ गणनघटकांपैकीं १४०८ च चालू ठेवलेले होते. थोरल्या ६९७० चा बायॉस त्यावर लिहितांच अनेक कार्डांतील निजलेले घटक जागे झाले. मूळ कार्डावर दोन बायॉस व एक खटका असल्यानें चूक झाली तरी मागें फिरतां येई. जेथें ही सोय नसे, तेथें लिहितां लिहितां वीज गेली कीं कार्ड मुकें होई. वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नसलेल्या आमच्यासारख्या गांवीं हें भय लहान नव्हे.

परंतु डाख असो वा आज्ञा, निसर्गाचा नियम कोणासहि सुटत नाहीं. खर्च होणारी शक्ति वेगाच्या प्रमाणांत, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. १.१ चें १.२ व्होल्ट केलें तर वेग तोच असतांहि उष्णता सुमारें १९ टक्के वाढते. आणि शेवगांवचा वैशाख तींत भर घालावयास उभाच असतो.

पुढें या लेखणीचा दुरुपयोगहि झाला. जुन्या कार्डांत खोटा बायॉस भरून तीं नव्या नांवानें विकलीं गेलीं. २०१६ मधील पास्कल पिढींत एन्व्हिडियानें बायॉसवर सांकेतिक स्वाक्षरीचें कुलूप घातलें. बदललेला बायॉस कार्ड स्वीकारीना. परिणाम असा कीं, हौशी मंडळी पुन्हां डाखाकडे वळलीं. या वेळीं त्यांनीं विजेचा प्रवाह मोजणाऱ्या रोधकांवर दुसरे रोधक चढविले, म्हणजे पुन्हां पट्टीच फसविली!

हा निव्वळ पोरखेळ नव्हे. पुण्याच्या सी-डॅकचा २०२० सालचा परम सिद्धि-एआय हा महासंगणक याच कुळांतील चिपांवर उभारलेला आहे. विकत घेतलेल्या वस्तूवर धन्याचा हक्क किती व कर्त्याचा किती, हा प्रश्न म्हणूनच घरोघरीं येणार आहे. माझ्या मतें कुलूप फसवणुकीस असावें, जिज्ञासेस नसावें. जिज्ञासूनेंहि मात्र मूळ बायॉसची प्रत आधीं जपून ठेवावी, आणि मगच हात घालावा. पुसलेलें पुन्हां लिहितां येतें. जळलेलें येत नाहीं.