माणूस गांव कां सोडतो?

माणूस आपला मुलूख कां सोडतो, या प्रश्नाला इतिहासकार दोन प्रकारचीं कारणें देतात: कांहीं मागून रेटणारीं, कांहीं पुढून ओढणारीं. दुष्काळ व कर्ज रेटतात. मजुरी व मोकळी जमीन ओढतात. ही मांडणी खरी आहे, परंतु पुरी नाहीं.

मॉरिशसचें उदाहरण घेऊं. या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हतीच; जो आला तो बाहेरूनच आला. १८३५ मध्यें तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली आणि उंसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. ही झाली ओढ. इकडे कोंकणांत डोंगरउताराची तुटपुंजी शेती, खोताचें देणें आणि सावकाराचें व्याज यांखालीं कुळें पिचत होतीं. हा झाला रेटा. १८३४ ते १९१० या काळांत सुमारें साडेचार लक्ष हिंदी मजूर करारानें तेथें उतरले. त्यांत बिहारी व मद्रासी अधिक. पण मुंबई बंदरांतून रत्नागिरीकडील मराठी माणसेंही गेलीं, आणि त्यांचे वंशज आजही तेथें गणेशोत्सव करतात.

मात्र रेटा व ओढ यांच्यामध्यें तिसरा एक गृहस्थ उभा होता: मजूर जमविणारा दलाल. करार पांच वर्षांचा. पगार महिना पांच रुपये व शिधा. एक दिवस खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. काम सोडून जाणें हा तर गुन्हाच, आणि त्याला तुरुंग. येण्याची वाट मोकळी होती, परतण्याची नव्हती. ही पद्धत बंद व्हावी, असा ठराव नामदार गोखल्यांनीं १९१२ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत मांडला. तो फेटाळला गेला. पण १९१७ मध्यें ही भरती थांबवावी लागली.

हें दूरच्या बेटाचें पुराण वडीगोद्रीच्या वाटसरूनें कां ऐकावें? कारण ऊंस येथेंही आहे. धुळें-सोलापूर रस्त्यावरील हें अंबड तालुक्यांतील गांव. जायकवाडीचें धरण १९७६ मध्यें राष्ट्राला अर्पण झालें आणि डाव्या कालव्याखालच्या रानांत ऊंस उभा राहिला. कालव्याचें पाणी जेथें पोंचत नाहीं, तेथील कोरडवाहू शेतकरी मात्र पावसाच्या भरंवशावरच राहिला. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना व बीड जिल्ह्यांतील कुटुंबें, चूल-भांडीं आणि लेंकरें घेऊन, साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसें, पण हिशेबांत हत्यार एक.

येथेंही मध्यें मुकादम आहे, आणि त्याची उचल आहे. पावसाळ्यांत घेतलेली उचल हंगामांत फिटली नाहीं, तर पुढच्या वर्षीं पुन्हा तीच वाट. ऊंस तोडून संपतो. उचल उरते, आणि मुलांची शाळा मध्येंच तुटते.

मॉरिशसच्या मजुराला कायदा बांधी, येथल्याला कर्ज बांधतें. हा भेद लहान नाहीं. तरीही स्थलांतराचा विचार करतांना, माणूस कां निघाला एवढेंच न विचारतां, मनांत आलें तर त्याला परततां येतें काय, हेंही विचारलें पाहिजे. त्याच्या स्वातंत्र्याची खरी परीक्षा तेथें आहे. आणि ज्यांच्या चहांत ती साखर रोज विरघळते, त्या आपल्यासारख्यांनीं तरी तो प्रश्न टाळूं नये.