मडके, निखारा आणि बटाटा : ठाणे-कल्याण परिसरातील भाजलेल्या कोंबडीविषयी

मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस. ‘पाडा’ हा शब्द लहान वस्तीचा वाचक होय; आता दोन्ही ठिकाणी उंच इमारतींची दाटी झाली असून वस्तीचे पूर्वरूप केवळ नावातच शिल्लक आहे. या इमारतींतील एखाद्या घरी रात्रीच्या जेवणाकरिता लहानशी कोंबडी बटाट्यांसह ओव्हनमध्ये भाजली गेली, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. मात्र हा पदार्थ सर्वस्वी विलायती आहे, असे बहुधा गृहीत धरले जाते. पक्षी, कंद आणि उष्णता देण्याची रीत यांचा निरनिराळा विचार केला असता हे गृहीत टिकत नाही. या पदार्थात परका आहे तो बटाटा. बंद भांड्यातील कोरडी उष्णता, जी ओव्हनची देणगी समजली जाते, ती या भूमीस पूर्वीपासून परिचित आहे.

‘भाजणे’ हे क्रियापद संस्कृत ‘भृज्ज्’ धातूपर्यंत नेता येते. उघड्या विस्तवावर मांस भाजण्याची रीत ग्रंथांतही नोंदलेली आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात शूलावर मांस भाजण्याचे वर्णन येते. (सोमेश्वराची राजधानी असलेले कल्याण म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याण, ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी त्याची गल्लत होऊ नये.) तथापि राजाच्या पाकशाळेवरून गृहस्थाच्या चुलीचे अनुमान करणे धोक्याचे आहे. त्यातून गावठी कोंबड्याची गोष्ट आणखी निराळी. मनुस्मृतीने द्विजांना ‘ग्रामकुक्कुट’ वर्ज्य ठरविला. लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात कोंबडीला प्रवेश नव्हता. म्हणून लिखित साधनांतील मौनावरून कोंबडी शिजतच नव्हती असा निष्कर्ष काढणे म्हणजे साधनांच्या मर्यादेलाच इतिहास समजणे होय. अंडी घालण्याच्या वयास न पोचलेल्या कोंबडीस मराठीत ‘तलंग’ असा स्वतंत्र शब्द आहे. लोक ज्या वस्तूशी नित्य व्यवहार करतात, तिच्या वयाचे असे बारकावे भाषेत जपले जातात. ग्रंथांचे मौन येथे शब्दसंग्रह भरून काढतो.

बटाट्याच्या बाबतीत मात्र शब्दावर एवढा विश्वास टाकून चालत नाही. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज ‘बताता’वरून आला, हे सर्वमान्य आहे. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. ठाणे 1737 मध्ये व वसई 1739 मध्ये मराठ्यांनी घेतली. तेव्हा या दोनशे वर्षांत बटाटा येथील ताटात आला, असे अनुमान सहज सुचते. परंतु ‘बताता’ हे मूळचे कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील नाव, आणि ते रताळ्याचे! ज्याला आज आपण बटाटा म्हणतो तो अँडीज पर्वतातील कंद. तेथील केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’. युरोपात या दोन कंदांच्या नावांची सरमिसळ झाली. त्यामुळे सतराव्या शतकातील एखाद्या प्रवाशाने हा शब्द वापरला, तरी त्याच्या ताटात कोणता कंद होता हे त्यावरून ठरत नाही. शब्द आधी आला आणि वस्तू मागाहून, असे येथे सहज संभवते.

हिंदीशी तुलना केल्यास आणखी एक गोष्ट दिसते. संस्कृतात ‘आलु’ हा कंदवाचक शब्द जुनाच आहे. हिंदीने तो नव्या कंदास दिला. मराठीत मात्र जागा अडलेली होती : ‘रक्तालु’चे रताळे झाले होते, आणि ‘अळू’ने आपले पान व कंद सांभाळून ठेवले होते. नव्या कंदास परके नाव घेणे मराठीस सोयीचे पडले. पोर्तुगीजातील दंत्य ‘त’ मराठीत सामान्यतः ‘त’च राहतो, ‘फीत’, ‘तुरुंग’ ही त्याची उदाहरणे. ‘बटाटा’त तो मूर्धन्य झाला आहे. येथे इंग्रजी उच्चाराकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. पण गोव्याच्या कोंकणीतही ‘ट’च असल्याने तेवढे उत्तर पुरत नाही.

सर्वसामान्य घरांत बटाट्याचा सुळसुळाट झाला तो इंग्रजी अमलात, आणि त्यात आगगाडीचा वाटा लहान नाही. मुंबई-ठाणे रेल्वे 1853 मध्ये, कल्याणपर्यंत 1854 मध्ये, आणि बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये खुला झाला. देशावरचा माल घाट उतरून कल्याणवरूनच मुंबईकडे जाऊ लागला.

आता उष्णतेचा प्रश्न. चुलीचा जाळ खालून येतो. अखंड पक्षी भाजावयाचा तर उष्णता सर्व अंगांनी हवी. गोव्यातील पावभट्टीला कोंकणीत ‘फोर्न’ म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीजच. पण भट्टी ही पेशाची वस्तू. घरोघरी ती नसते. घरात झाकणावर निखारे ठेवून ती उणीव भरून काढीत. ठाणे जिल्ह्याला लागून असलेल्या रायगड जिल्ह्यात याहून पूर्ण असे उत्तर आढळते. ते म्हणजे पोपटी.

भातकापणीनंतर जमिनीतील उरल्या ओलीवर वाल येतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास त्याच्या शेंगा भरतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरतात. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी आणि मसाला लावून बहुधा केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी यांचे थर देतात. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करून मडके पालथे घालतात व भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवितात. आत पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. ते चर्र करून तत्काळ उडून गेले की पोपटी झाली. पाला व शेंगा यांतील ओलाव्याची वाफ आतच कोंडते आणि मडक्याची भिंत चहूकडून तापते. ओव्हनमध्ये झाकलेल्या भांड्यात हेच घडते. कोंबडी कोवळी असावी लागते, कारण जून पक्ष्याचे मांस एवढ्या अवधीत मऊ होत नाही. तलंग आणि मध्यम बटाटा मात्र जवळजवळ एकाच वेळी शिजतात. या दोहोंची जोडी चवीइतकीच वेळेच्या हिशेबाने जमली आहे.

नुसत्या शेंगांची पोपटीही करतात, आणि ती अपुरी मानली जात नाही. यावरून बटाटा या मडक्यात पाहुणा म्हणून शिरला, मडके त्याच्यासाठी घडले नाही, असे म्हणावयास हरकत नाही. रताळे आणि बटाटा, नावांच्या गोंधळाचे हे दोन धनी, तेथे एकाच थरात भाजून निघतात.

वसईनजीक आगाशीचे भुजिंग हा आणखी एक शेजारी. त्यात कोंबडी कोळशावर भाजून मग मसाला, पोहे व बटाटे यांत परततात. पण तेथे विस्तव उघडा आहे, म्हणून ते पोपटीपेक्षा शूलावरील मांसाच्या कुळाला जवळचे.

गॅसच्या शेगडीने घरातून निखारा घालविला, त्याबरोबर झाकणावरच्या विस्तवाची रीतही गेली. तीच उष्णता पुढे विजेच्या पेटीतून परत आली तेव्हा ती परकी वाटली. दोन्ही मानपाड्यांच्या आसमंतात भाताची खाचरे उरली नाहीत तेथे वाल नाही, पेंढा नाही आणि बांधावरचा भांबुर्डाही नाही; कोंबडी व बटाटे मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात बारमाही मिळतात.