ईटन हॉल

ईटन हॉल : इंग्लंडच्या चेशर परगण्यातील, आता पाडून टाकलेला ग्रोव्हनर घराण्याचा प्रासाद. चेस्टर शहराच्या दक्षिणेस सुमारे 6 किमी., डी नदीच्या पश्चिम तीरावर. ग्रोव्हनर म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकांचे घराणे. लंडनच्या मेफेअर आणि बेलग्रेव्हिया भागांतील जमिनींमुळे ते ब्रिटनमधील सर्वांत धनाढ्य घराण्यांत गणले जाते. बेलग्रेव्हिया हे नावही ईटनच्या वेशीवरच्या बेलग्रेव्ह या छोट्या वस्तीवरून पडले. प्रासाद 1961 ते 1963 या काळात जमीनदोस्त झाला. आज त्याचे प्रार्थनामंदिर, घड्याळाचा मनोरा आणि तबेले उभे आहेत, आणि त्याच्या कोळशासाठी घातलेल्या सव्वा फूट रुंदीच्या रेल्वेची आठवण टिकून आहे.

या जागेवर एकामागून एक बरीच बांधकामे झाली. पहिला मोठा वाडा सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम सॅमवेलच्या आराखड्यानुसार उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम पोर्डनने त्याला गॉथिक रूप दिले आणि शतकाच्या मध्यावर विल्यम बर्नने त्यात फेरफार केले. त्यानंतर पहिल्या ड्यूकने ॲल्फ्रेड वॉटरहाउसकडे काम सोपवले. मँचेस्टरचे नगरभवन आणि लंडनचे निसर्गेतिहास संग्रहालय उभारणारा वास्तुकार तो हाच. 1870 साली काम सुरू झाले. ते चाललेही बारा वर्षे आणि खर्च 8 लाख पौंडांवर गेला. उंच टोकदार छपरे, कमानी, रंगीत काचा अशा थाटाचे निवासी घर त्या शैलीत इंग्लंडमध्ये दुसरे क्वचितच झाले असेल. दर्शनी चौकात जी. एफ. वॉट्सने घडवलेला ह्यू लूपस या नॉर्मन सरदाराचा अश्वारूढ पुतळा आहे. घर गेले तरी पुतळा जागच्या जागी आहे.

एवढ्या मोठ्या घराला ऊब देणे हे स्वतंत्र काम होते. चुली, शेगड्या, बॉयलर, काचेची उष्णगृहे सगळीकडे कोळसा लागे. त्याशिवाय इस्टेटीतील गावांच्या बांधकामासाठी विटा, लाकूड आणि रस्त्यांसाठी खडी. एकल्स्टन व ऑल्डफर्ड या गावांतील कितीतरी घरे ग्रोव्हनरांनीच बांधून घेतली आहेत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या श्रुजबरी–चेस्टर मार्गावरील बॉल्डर्टन हे सर्वांत सोयीचे स्टेशन जवळपास 5 किमी. दूर होते आणि तिथून सारा माल घोडागाड्यांनी आणावा लागे. ही रोजची ओढाताण संपवण्यासाठी इस्टेटीच्या कारभाऱ्याने सर आर्थर हेवूड याला गाठले.

हेवूड हा डार्बीजवळच्या डफील्ड बँक येथील उमराव. आपल्या आवारात 15 इंची, म्हणजे 381 मिमी. रुंदीची रेल्वे घालून तो वर्षानुवर्षे प्रयोग करीत होता. रुंदी याहून कमी केली तर माणसे बसलेला डबा डोलू लागतो आणि वाढवली तर खर्च उगाच चढतो, हा त्याचा हिशेब. मोठ्या शेतीवाड्या, खाणी आणि सैन्य यांना हीच रेल्वे परवडेल असे तो लेखांतून व प्रात्यक्षिकांतून सांगत राहिला. ईटन हे त्याचे पहिले आणि एकमेव गिऱ्हाईक. माथेरानच्या गाडीचे रूळ 610 मिमी. रुंद आहेत; ईटनच्या दोन रुळांमधले अंतर पुरते हातभरही नव्हते. डबे मात्र रुळांच्या दोन्ही बाजूंना चांगले बाहेर आलेले होते आणि त्यांत मोठी माणसे ऐटीत बसत.

रेल्वे 1896 मध्ये सुरू झाली. मुख्य मार्ग सुमारे 5 किमी., फाटे व साइडिंग धरून एकंदर 7 किमी.च्या आसपास. बीडाचे स्लीपर, हलके रूळ. वाटेतली जमीन इस्टेटीचीच असल्याने मार्ग ठरवायला अडचण आली नाही. एक फाटा 'कुकूज नेस्ट' येथील इस्टेटीच्या कारखान्याकडे जाई. सगळा खर्च सुमारे 6,000 पौंड. शेजारच्या प्रासादाच्या 8 लाखांपुढे ही रक्कम चिल्लर वाटते. तरीही प्रासादाचा रोजचा गाडा याच रुळांवर चालत होता. बॉल्डर्टनला मोठ्या मालवाघिणींतला कोळसा फावड्याने छोट्या वाघिणींत उतरवला जाई. मग ती माळ शेतांमधून, झाडीतून, रस्ते ओलांडत हॉलच्या मागच्या बाजूला येऊन थांबे. वर्षाकाठी काही हजार टन माल असा वाहिला जाई.

इंजिनांना घरच्या स्त्रियांची नावे दिली होती. पहिले चार चाकांचे 'केटी', ड्यूकच्या पत्नीच्या कॅथरीन या नावाचे घरगुती रूप. मग 1904 मध्ये सहा चाकांचे 'शीला', दुसऱ्या ड्यूकच्या पत्नीच्या नावाने, आणि 1916 मध्ये त्यांच्या मुलीच्या नावाचे 'उर्सुला'. त्याच वर्षी हेवूड वारला. शिकारीच्या आणि मेजवान्यांच्या दिवसांत पाहुण्यांना नेण्यासाठी प्रवासी डबाही जोडत. पण खरी गाडी कोळशाचीच होती, आणि स्थानिक आठवणीत या घराचे सर्वांत जिवंत रूप तेच आहे, असे या नोंदकाराला वाटते. दिवाणखान्यांची चित्रे पुस्तकांत सापडतात. रस्ता ओलांडताना थांबायला लावणारे कमरेएवढे इंजिन ज्याने पाहिले त्याच्याच डोळ्यांपुढे राहते.

पहिल्या महायुद्धात हॉलचा काही भाग जखमी सैनिकांचे रुग्णालय झाला. डार्टमथच्या नौदल महाविद्यालयावर 1942 मध्ये बाँब पडले, तेव्हा 1943 पासून ते महाविद्यालय ईटनला हलवले गेले आणि 1946 पर्यंत तिथेच राहिले. त्यानंतर 1958 पर्यंत सक्तीच्या लष्करी सेवेत आलेल्या तरुणांना इथे अधिकारी बनवण्याची शाळा होती. चेस्टर स्टेशनवर उतरलेल्या हजारो कॅडेटांनी ह्यू लूपसच्या पुतळ्याखाली कवायत केली. या घराची आठवण इंग्लंडच्या कानाकोपऱ्यांत गेली ती त्यांच्यामुळे. सरदारी वैभवाची ओळख नसलेल्या त्या मुलांच्या लेखी ईटन म्हणजे थंडगार खोल्या आणि चकाकते बूट.

रेल्वेचा शेवट घराच्या आधी झाला. मोटारट्रक आले आणि वाहतूक रस्त्यावर गेली. 1946 च्या सुमारास मार्ग बंद पडला. रूळ आणि काही वाघिणी केंटमधील रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वेने घेतल्या. तिचे रूळही 15 इंचीच, त्यामुळे ईटनचे लोखंड वाया गेले नाही. 'शीला' आणि 'उर्सुला' मात्र भंगारात गेल्या.

दुसरा ड्यूक 1953 मध्ये वारला आणि घराण्यावर प्रचंड वारसा कर आला. युद्धकाळापासून घराची नीट निगा राहिली नव्हती आणि लाकडाला कोरडी कूज लागली होती. सैन्यानेही घर सोडल्यावर एवढ्या खोल्यांचे करायचे काय, हा प्रश्न उरला. त्या दशकात इंग्लंडमधील शेकडो ग्रामीण प्रासाद पडले. व्हिक्टोरियन गॉथिकची तर तेव्हा कुणाला कदरच नव्हती. आणखी वीस वर्षे ते घर तग धरते, तर बहुधा वाचले असते. त्या जागी 1970 च्या दशकाच्या आरंभी जॉन डेनिसने आधुनिक धाटणीचे नवे घर बांधले. नंतर त्याला फ्रेंच गढीसारखे बाह्यरूप देण्यात आले.

प्रार्थनामंदिराचा पन्नास मीटरांहून उंच मनोरा दूरवरून दिसतो. त्यात बेल्जियममध्ये ओतलेल्या 28 घंटांचा संच असून ड्यूक मुक्कामाला असताना त्यावर 'होम, स्वीट होम' ही धून वाजवण्याची प्रथा होती. छोट्या रुळांचा उपासक हेवूड घंटावादनाचाही निस्सीम भक्त होता. चर्चमधील घंटावादकांची मध्यवर्ती परिषद 1891 मध्ये त्याच्याच पुढाकाराने स्थापन झाली.

'केटी' बरीच फिरली. 1916 मध्ये ती लेक डिस्ट्रिक्टमधील रॅव्हनग्लास अँड एस्कडेल रेल्वेकडे गेली, तिथून साउथपोर्टला आणि मग वेल्समधील फेअरबोर्नला. तिचे उरलेले सांगाडे-भाग पुन्हा रॅव्हनग्लासला आणले गेले. ईटनच्या बागेत 1990 च्या दशकात सव्वा फुटी रुळांचा छोटा वेढा नव्याने घातला आणि 'केटी'ची प्रतिकृती त्यावर धावू लागली. उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी धर्मादाय निधीसाठी बाग खुली होते, तेव्हा आसपासच्या गावांतली मुले तिच्या डब्यांत दाटीवाटीने बसतात.